घेशील तिथला हात टिकू दे

बाजरीचं तयार पीठ विकत आणू नकोस, बाजरी आण. बाजरीच्या दाण्यात तेल असतं. दाणा अखंड असेपर्यंत ते आत सुखरूप राहतं, दळलं की त्याला हवा लागते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. दुकानातली पिशवी महिन्याभरापूर्वी भरलेली असते. तिची भाकरी कडू लागते आणि मग तुम्ही मुलं म्हणता, बाजरी आम्हाला आवडत नाही. तुझ्या वाघोलीत गिरण्या आहेत. दोन-अडीच किलो दळून आण आणि आठवड्यात संपव. दाणे घेताना मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मार, कोंडा किती उडतो ते बघ. दाणा टपोरा आणि हिरवट-करडा असावा. नाकाजवळ ने. कुबट वास आला तर मुकाट्याने खाली ठेव, मग भाव कितीही कमी सांगितला तरी.

बाजरीपासून सुरुवात केली, कारण ती आपल्या पावसावर येते. आपलं पाबळ म्हणजे घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला माळ. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो बेताचाच उरतो. वेळ नदी आहे खरी, पण तिच्यावर भिस्त ठेवून बारमाही शेती होत नाही. अशा जमिनीत पहिल्या पावसावर पेरलेली बाजरी, तिच्या जोडीला मटकी, हुलगा, मूग, हे विहिरीकडे फारसं न बघता पदरात पडतं. उसाचं तसं नाही. त्याला वर्षभर पाणी हवं. तुझ्या ताटात आठवड्यातून तीनदा भाकरी आली, मटकीची उसळ आली, थंडीत हुलग्याची शेंगोळी झाली, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक राहतं आणि कर्ज काढून बोअर आणखी खोल नेण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हापासून बाजरीची बिस्किटं, बाजरीच्या शेवया असं बरंच काही दुकानांत आलं आहे. ते घेण्याआधी पाकिटाच्या मागची बाजू वाच. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानेच लिहावे लागतात. मैदा पहिला, साखर दुसरी आणि बाजरी पाचवी असेल, तर ते पाकीट बाजरी पिकवणाऱ्याच्या फारसं उपयोगाचं नाही आणि तुझ्याही नाही.

मागे तू विचारलंस, की आजी, सगळं दारात मिळतंय, दोन पैसे स्वस्त मिळतंय, मग बघून-विचारून घ्यायचं ते कशासाठी? तेव्हा घाईत होतीस. आता सांगते. वस्तू घेताना मी एक गोष्ट बघते: हे करणारा माणूस पुढच्या वर्षीही हेच काम करू शकेल का? त्याचा हात टिकेल का? पिकवणारा, ठोकणारा, विणणारा, दुरुस्त करणारा, कचरा वेचणारा, असे सगळे हात मिळून गाव असतं. एकदा कसब हातातून गेलं की ते पैसे टाकूनही परत येत नाही. म्हणून भाव बघायचाच, पण त्या भावात करणारा जगतो का, हेही बघायचं.

हे मला कुणी शिकवलं म्हणशील, तर आपल्याच गावाच्या माळावर शिकायला मिळालं. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधनात वरच्या जागेवर काम केलेला. दुकानातली वस्तू कशी तयार होते, तिच्यात काय पडतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं. ते सगळं सोडून त्यांनी मुद्दाम कोरडं, अडचणीचं गाव निवडलं. शाळेतून गळालेली मुलं घेतली आणि त्यांना वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया असं सगळं हातांनी करत शिकवलं. जमिनीखालचं पाणी कुठे असेल ते बघण्याचं स्वस्त यंत्रसुद्धा तिथे तयार झालं. त्रिकोणी सांगाड्याची ती गोल घुमटांची घरं तू लहानपणी पाहिली आहेस. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने स्वतःच्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवण्याची कार्यशाळा, काढली, तीही इथेच, पाबळला.

पण मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं ते वेगळंच. कलबाग सरांचं म्हणणं असं, की मुलांनी कामं शिकायची ती गावाच्या खऱ्या गरजेची, आणि गावाने त्या कामाचे पैसे मोजायचे. हेच शिक्षण पुढे विषय म्हणून शाळांमध्ये गेलं. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कार्यशाळेत, शेतात, स्वयंपाकघरात काम करायचं आणि गावाला लागणाऱ्या सेवा द्यायच्या, माती तपासून देण्यापासून लोखंडी स्टँड जोडून देण्यापर्यंत. यात गिऱ्हाईक हासुद्धा शिक्षक असतो. तू जेव्हा शिकणाऱ्या हाताकडून वस्तू घेतेस, तेव्हा तुझ्या नजरेवर त्याचं शिक्षण ठरतं.

म्हणून हे नीट ऐक. शिकाऊ मुलाकडून, बचत गटाच्या बाईकडून, नव्या कारागिराकडून वस्तू घेशील, तेव्हा दया म्हणून घेऊ नकोस. दयेने घेतलेली वस्तू माळ्यावर जाते, आणि करणाऱ्याला वाटतं आपलं काम उत्तम झालं. लोखंडी स्टँड घेतलास तर फरशीवर ठेवून चारी पाय टेकतात का बघ. जिथे जोड दिलाय तिथे बोट फिरव. टाका सलग हवा, मधे भोक नको, वरचं कीट ठोकून काढलेलं हवं. रंगाखाली गंज झाकलेला नाही ना, ते सांध्याच्या आतल्या बाजूला दिसतं. खोट निघाली तर ती दाखव आणि दुरुस्त करून माग, पण पैसे कापू नकोस. काम नीट झाल्यावर ठरलेले सगळे पैसे दे. पापडाचंही असंच. मीठ जास्त झालं तर तोंडावर सांग, दुसरीकडे जाऊन कुरकुर करू नकोस. पुढच्या वेळी त्यांच्याकडूनच घे, म्हणजे तुझं सांगणं त्यांना खरं वाटेल.

विळी, खुरपं, कोयता घ्यायचा तर घिसाड्याकडून घे. त्यांची पालं शिक्रापूर-शिरूरच्या रस्त्यांना पडलेली दिसतात. गाड्यांच्या जुन्या कमानपाट्यांच्या पोलादाचं पातं करतात, ते वर्षानुवर्षं चालतं. पात्याला पाणी नीट दिलं आहे का, हे ओळखण्याची युक्ती सांगते. त्यांच्याजवळ कानस असते. ती धारेवर हलकी फिरवायला सांग. कानस घसरत गेली तर धार कडक आहे, लोखंडात रुतली तर पातं मऊ राहिलंय. मऊ असेल तर ते पुन्हा भट्टीत घालून पाणी देतील, तेवढा वेळ थांब. घिसाड्याची बाई घण मारते आणि तो सांडशीत पातं फिरवतो, हे उभं राहून बघितलंस तर भावात घासाघीस करायला तुझी जीभ रेटणार नाही.

आता गूळ. यावर जास्त बोलणार आहे, कारण इथे आपल्याच भागाचा प्रश्न आहे. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव, पाटस, यवतच्या पट्ट्यात पुष्कळ गुऱ्हाळं आहेत. पुण्याच्या बाजारात येणारा कितीतरी गूळ तिथला. गावचं ते चांगलं आणि शहरातलं ते भेसळीचं, असं मानणाऱ्यांनी तिथे एकदा फिरून यावं. गुळात साखर मिसळल्याबद्दल तिकडच्या काही गुऱ्हाळांवर अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडले आहेत. काही ठिकाणी काहिलीखाली चिपाडाऐवजी प्लास्टिकचा कचरा आणि रबर जाळतात, अशा आजूबाजूच्या गावकऱ्यांच्या तक्रारी आहेत. तो धूर आधी तिथल्या लेकरांच्या छातीत जातो.

आणि याला खतपाणी आपण गिऱ्हाइकांनी घातलं आहे. आपल्याला गूळ पिवळाधमक हवा. उसाचा रस आटवला की त्याचा रंग मुळात तांबूस-तपकिरी येतो. पिवळा करायचा तर त्यात हायड्रॉस नावाची पावडर टाकतात. ती गंधकाची. गुळात गंधकाचा अंश ७० पीपीएमच्या वर नसावा असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, पण दुकानात उभं राहून तुला तो मोजता येणार नाही. तुला रंग मोजता येतो. गिऱ्हाइकाने पिवळा मागणं सोडलं, तर पावडर टाकायचं कारणच उरत नाही. तेव्हा तांबूस, जरा मळकट दिसणारा, मऊ गूळ घे. तो पावसाळ्यात पाझरतो, म्हणून वर्षाचा भरू नकोस, हंगामात तीन-चार महिन्यांपुरता घे आणि कोरड्या डब्यात झाकून ठेव.

जमलं तर थंडीत जावईबापूंना घेऊन एकदा गुऱ्हाळावर जा. गोड रस पी, मुलांना काकवी दे, पण त्याआधी मागच्या बाजूला जाऊन चुलाण्यात काय जळतंय ते बघ. वाळलेलं चिपाड जळत असेल तर धुराला साधा लाकडाचा वास येतो. डोळे चुरचुरवणारा काळा धूर दिसला तर परत फिर. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात का ते विचार. जो गुऱ्हाळवाला हे सगळं दाखवायला तयार असतो, त्याचा फोन नंबर लिहून ठेव आणि त्याला किलोमागे दहा रुपये जास्त पडले तरी दे. चिपाड वाळवायला जागा लागते, माणूस लागतो, दिवस लागतात. कचरा त्याला त्याहून स्वस्त पडला असता. ते दहा रुपये त्याने कचरा न जाळल्याचे आहेत.

जवळचं म्हणून आंधळेपणाने घेऊ नकोस, तसं लांबचं म्हणून तोंडही फिरवू नकोस. चहा आसामचाच पिणार आपण. मीठ समुद्राकडूनच येणार. आपल्या तालुक्यात रांजणगावला मोठमोठ्या कारखान्यांत फ्रीज आणि धुण्याची यंत्रं तयार होतात, आजूबाजूच्या गावांतली मुलं तिथे पाळ्या करतात. तेव्हा 'स्थानिक' म्हटलं की मातीचं मडकंच डोळ्यांपुढे आणायची गरज नाही. यंत्र घेताना माझा निकष साधा आहे: ते बिघडल्यावर तुझ्या गल्लीतला माणूस उघडू शकतो का? मिक्सर घेण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे जा आणि विचार, कुठल्या मिक्सरचे बुश, ब्लेड, कपलर तुमच्याकडे कायम असतात? तो सांगेल तोच घे. भांड्याचं झाकण, कुकरची रिंग, छत्रीची काडी, बॅगेची चेन, यांसाठी नवी वस्तू आणायची नाही. दुरुस्तीचे पन्नास-शंभर रुपये पूर्ण त्या गल्लीत राहतात आणि तो माणूस दुकान बंद करून गावी जात नाही.

मागच्या पिढीत रोजच्या वापरातलं घोंगडं होतं, ते आता देवापुढे जागरण-गोंधळाला तेवढं निघतं. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या दिवाळीनंतर शेतांत बसवायला येतात, त्या दख्खनी जातीच्या. त्यांची लोकर जाड आणि काळी. तिला आता फारसा भाव नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही म्हणून लोकर टाकून देतात. एक घोंगडं घे. ते खऱ्या लोकरीचं आहे का ओळखायला काठाचा एक धागा ओढून जाळून बघ. लोकर जळक्या केसासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते. प्लास्टिकचा धागा वितळून त्याची कडक गाठ होते. नवं घोंगडं ताठ आणि बोचरं लागेल, कारण सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते. घाबरू नकोस, वापरता वापरता ते मऊ पडतं. ते धुण्याच्या यंत्रात घालायचं नाही, झटकून उन्हात टाकायचं. उन्हाळ्यात घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेव, कसर लागत नाही.

बियाण्याचंही तसंच. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात, भाज्यांची गावठी बियाणी घरात जपली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना बायफ संस्थेची साथ मिळाली, तीच संस्था जी मणिभाई देसाईंनी आपल्या उरुळी कांचनला १९६७ मध्ये सुरू केली. पण बियाणं बँकेत ठेवून भागत नाही. कुणीतरी ते पिकवावं लागतं आणि कुणीतरी खावं लागतं. मंडईत गावठी वाल, गावठी काकडी, बुटकं वाकडं वांगं दिसलं तर ते घे, सरळसोट चकचकीत शोधू नकोस. बाल्कनीतल्या कुंडीत एक वेल लावून शेवटची शेंग वेलावरच वाळू दे.

पिशवीबंद मालाचं थोडक्यात. नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख, कमाल किंमत आणि अन्नपदार्थावर चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, एवढं हवंच. बचत गटाच्या चटणीवरही हा क्रमांक मागत जा. त्या बायकांना नोंदणी करायला भाग पाडणं हे त्यांच्याच भल्याचं आहे, त्याशिवाय दुकानदार त्यांचा माल ठेवत नाही. 'नैसर्गिक', 'ताजं', 'गावरान' हे शब्द कुणीही छापू शकतो. सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मागत असेल तर जैविक भारतचं चिन्ह किंवा शेतकरी गटाचं प्रमाणपत्र बघ. सुट्या मालाच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का असतो, तो यंदाचा आहे का तेवढं बघून घे.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या मुलांबद्दल तू मागे कळवळून बोललीस. मला बरं वाटलं. मग असं कर: रोज चार वस्तू मागवण्यापेक्षा रविवारी यादी करून आठवड्याचं एकदम आण. अगदीच मागवलंस तर चौथ्या मजल्यावर बोलावू नकोस, खाली जाऊन घे, पाणी विचार, आणि उशीर झाला म्हणून तक्रार नोंदवू नकोस. तो पावसात गाडी जोरात हाकतो ती तुझ्या नोंदीच्या भीतीने.

वस्तू वापरून झाली की ती 'गेली' असं आपण म्हणतो. ती कुठेतरी गेलेली असते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत ओतला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांनी कितीदा रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या. ती दोन्ही गावं आपल्यासारखीच बागायती-जिरायती करणारी. तुझी वाघोलीही आता पालिकेत आली आहे. म्हणून घेतानाच विचार कर, याचं वेष्टण कुठे जाईल. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नकोस, लोंबता ठेव. तो चिमुकला तुकडा कुणी वेचू शकत नाही. पिशवी धुऊन वाळव, दहा झाल्या की एकत्र दे. कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे, तिच्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तुझ्या इमारतीत त्या येत असतील तर महिन्याचे पैसे त्यांनी मागायच्या आधी दे. आणि तुमचे ते पाळीचे पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढत जा. त्या बायकांनीच हे मागितलं आहे, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग, लाजू नकोस.

शहरातले पाहुणे मस्तानीची कबर बघायला पाबळला येतात. बाजीरावाने हे गाव तिला इनाम दिलं होतं, १७४० मध्ये ती गेली, तिची मशीद आणि कबर इथे आहे. लोक फोटो काढतात, गाडीतच पुण्याहून आणलेलं खातात, बाटल्या टाकतात आणि निघतात. तुझ्या ऑफिसातलं कुणी येणार असेल तर त्यांना सांग, जेवण गावात करा, आदल्या दिवशी कळवलंत तर कुठलीही बाई भाकरी-पिठलं करून देईल आणि त्याचे पैसे घेईल. मोराची चिंचोली बघायला जाणाऱ्यांनाही हेच सांगते.

सगळं एकटीने करायला गेलीस तर दमशील आणि महागही पडेल, म्हणून घरं जोडून घे. मुंबईत १९७५ मध्ये ग्राहक पंचायत सुरू झाली, तिची रीत अशीच: शेजारची काही कुटुंबं मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र द्यायची, माल एकगठ्ठा आला की वाटणी आपणच करायची. बायकांनी घरचं सांभाळून ते वर्षानुवर्षं चालवलं. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्यामुळे शेतकऱ्याने थेट तुमच्या इमारतीत माल आणला तर त्यात कायद्याची अडचण नाही.

पहिल्या वर्षी सगळं धरू नकोस, फक्त कांदा धर. उन्हाळी गरवा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तोच टिकतो. पावसाळ्यानंतरचा लाल हळवा कांदा साठवायचा नसतो. टिकाऊ कांद्याची मान बारीक आणि वाळलेली असते, वर दोन पापुद्रे घट्ट असतात, दाबला तर बोट रुतत नाही. डेंगळा आलेला आणि जोड कांदा बाजूला काढायला सांग, पण गोल्टी नको म्हणू नकोस. गोल्टी म्हणजे लहान कांदा. चव तीच, टिकायलाही चांगला, आणि बाजारात त्याला मोठ्या गोळ्याच्या मानाने फार कमी भाव मिळतो. तुम्ही गोल्टी बरी किंमत देऊन घेतलीत तर शेतकऱ्याच्या ढिगातला तो भागही पदरात पडतो. घरी पोत्यात ठेवू नकोस. बांबूच्या टोपल्यांत, वारा खेळेल असा, बटाट्यापासून लांब ठेव.

भाव ठरवायचा तो बाजाराच्या आजच्या आकड्यावर नको. मंचर-चाकणला दहा किलोमागे काय निघतो ते फोनवर तुला दिसेलच, पण तो आकडा आठवड्यात अर्ध्यावर येतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली आणि मे २०२४ मध्ये उठली, त्या मधल्या दिवसांत ज्यांचा कांदा निघाला त्यांचं काय झालं ते आपल्या भावकीतल्या घरांना विचार. म्हणून शेतकऱ्याशी बसून त्याचा खर्च विचारायचा: रोप, लागण, खतं, पाणी, काढणी, साठवणीच्या बराखीतली घट. त्यावर त्याची कमाई धरून एक भाव ठरवायचा आणि मग बाजार वर गेला तरी त्याने पाळायचा, खाली गेला तरी तुम्ही. आपण ठरल्या भावाला जागलो नाही, तर पुढच्या वर्षी तो व्यापाऱ्याकडेच जाईल आणि ते बरोबरच असेल.

दहा-पंधरा घरं तयार झाली की होळीच्या आत मला कळव. त्या वेळी कांदा शेतातच असतो आणि बोलायला सवड असते. टेम्पोचं भाडं कोण देणार आणि सडका निघाला तर तो कुणाच्या खात्यावर, हे दोन्ही आधीच बोलून घ्या, नंतर त्यावरूनच नाती तुटतात. आणि अर्धे पैसे काढणीच्या आधी पोचवा. काढणीच्या बायकांची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते, आणि तेव्हाच शेतकऱ्याचा हात सर्वांत रिकामा असतो.